पानावर नसलेलं वाक्य

आजारी मी नव्हते. आजारी माझी आई होती. म्हणून हे मी लिहावं की नाही, याबद्दल बरेच दिवस मनात शंका होती. पण हॉस्पिटलच्या बाकांवर बसून बसून मला एक गोष्ट दिसली. प्रत्येक दोन-तीन बायांमागे एक मुलगी किंवा सून असते आणि तिच्या हातात फाईल असते. घरात तिलाच वाचता येतं. डॉक्टरांचं बोलणं आधी तिच्या कानात जातं आणि तिथून मग आजारी माणसाकडे. मी त्यांच्यातलीच एक. हे त्यांच्यासाठी आहे. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे लिहिण्यात चुका होतील. त्याहून मोठी चूक मी केली आहे आणि तीच सांगायची आहे.

घरात मी आईला मम्मी म्हणते. मराठीत लिहायला बसले की मात्र आई हाच शब्द येतो.

रिपोर्टचा दिवस

आम्ही सुरतेत डिंडोलीला राहतो. पप्पा लिंबायतला लूमच्या कारखान्यात कारीगर आहेत. आई कापड मार्केटमधल्या एका गोडाऊनमध्ये साड्यांच्या घड्या करायची. दोन बायका समोरासमोर उभ्या राहतात, एकेक टोक धरतात, ताणतात, पुढे येतात, टोकाला टोक जुळवतात आणि पुन्हा मागे जातात. आईने हे काम चौदा वर्षं केलं.

उजव्या छातीत गाठ आहे हे तिने मला सांगितलं तेव्हा ती हाताला लागून सहा-सात महिने झाले होते. दुखत नव्हती म्हणून ती गप्प होती. मी सेकंड इयरला होते. कॉलेज बुडवून तिला घेऊन गेले. तपासण्या झाल्या, सुई घालून तुकडा काढला आणि आठवड्याने रिपोर्ट मिळाला.

रिपोर्ट इंग्रजीत होता. मी आठवीपर्यंत महापालिकेच्या मराठी शाळेत होते. इंग्रजी मी गाइडं वाचून शिकले. त्या पानावरचे निम्मे शब्द मला येत नव्हते. मी जिन्याजवळ उभी राहून एकेक शब्द मोबाईलमध्ये टाकत गेले. तिसऱ्या शब्दाला कळलं. वर पाहिलं तर समोरच्या बाकावर आई बसली होती, पदराने वारा घेत. पप्पा पाण्याच्या टाकीजवळ उभे होते. दोघंही माझ्याकडेच बघत होते, बारावीच्या निकालाच्या दिवशी बघत होते तसे.

पप्पांना मी बाजूला नेऊन सांगितलं.  त्यांनी विचारलं, सुटी किती दिवसांची मागावी लागेल. मला तेव्हा त्यांचा राग आला. आज येत नाही. विचारता येईल असा तेवढा एकच प्रश्न त्यांच्याकडे होता.

आईला मी सांगितलं, "गाठ आहे, काढावी लागेल." तो शब्द मी उच्चारला नाही. तिने विचारलाही नाही. आमच्या दोघींमधली ही पहिली गाळलेली गोष्ट. तेव्हा ती मला चूक वाटली नाही, माया वाटली.

हात

ऑपरेशन झालं. काखेतल्या गाठीही काढल्या. त्या हाताला सुई टोचायची नाही, बीपीचा पट्टा बांधायचा नाही, घट्ट काही घालायचं नाही असं सिस्टरने बजावलं. आईच्या उजव्या हातातल्या बांगड्या काढून डाव्या हातात घातल्या. डावा हात कोपरापर्यंत भरलेला आणि उजवा उघडा, अशी ती पलंगावर बसायची आणि कोणी भेटायला आलं की उजवा हात पदराखाली घ्यायची. शेवटी त्या हाताला एक सैल लाल दोरा बांधू दिला, तेव्हा ती जरा मोकळी झाली.

नंतर किमो सुरू झाली. दर तीन आठवड्यांनी सकाळी सातला निघायचं, टोकन घ्यायचं, वजन करायचं, रक्त द्यायचं, रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं आणि मग खुर्चीत बसून बाटली लावायची. वास आला की उलटी व्हायची, म्हणून पप्पा घरात फोडणी देत नसत. हो, स्वयंपाक पप्पा करायचे. कारखान्याची पाळी संपवून यायचे आणि वरण-भात लावायचे. आमच्याबरोबर बसून जेवत मात्र नसत. ताट घेऊन दाराबाहेरच्या ओट्यावर जायचे. आईच्या डोक्यावरचे केस गेले त्या दिवसापासून त्यांनी तिच्याकडे सरळ पाहिलं नाही. आईला वाटायचं, त्यांना किळस येते. मला वाटायचं, त्यांना भीती वाटते. आम्ही तिघंही एकमेकांना काही विचारत नव्हतो.

तिसऱ्या किमोनंतर आई भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. थकवा असा, की संडासला जाऊन आली तरी दहा मिनिटं धापा टाकायची. झोप नाही. आणि उजवा हात तिने अंगाला चिकटवून ठेवला होता, मोडका असल्यासारखा. तो खांद्याच्या वर जाईना. डॉक्टर म्हणाले, किमो संपली की शेक द्यायचा आहे. रेडिएशनला सुरतेत सगळे शेकच म्हणतात. त्या टेबलावर हात डोक्याच्या वर घेऊन निपचित पडावं लागतं. हात वर गेला नाही तर शेक सुरू करता येणार नाही.

त्यांनी आम्हाला तळमजल्यावर व्यायामाच्या विभागात पाठवलं.

हेतलबेनचा वर्ग

तिथे हेतलबेन होत्या. माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी आधी भिंतीवर बोटांनी चढण्याचा व्यायाम दाखवला. आईने दोनदा केला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि हात खाली घेतला. मग हेतलबेन म्हणाल्या, मंगळवारी आणि शुक्रवारी मागच्या चौकात या, तिथे दुसरं काही करतो.

मागच्या चौकात बदामाचं झाड आहे. त्याखाली सहा-सात बायका उभ्या होत्या, कोणी स्कार्फ बांधलेली, कोणी टोपी घातलेली. हेतलबेननी सांगितलं की याला ताई ची म्हणतात, हे चीनकडचं आहे आणि यात घाई अजिबात करायची नाही. गुडघे किंचित वाकवायचे. अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर हळूहळू न्यायचा, हात पाण्यातून जात असल्यासारखे हलवायचे आणि श्वास त्यांच्याबरोबर चालवायचा. दुखेल तिथे थांबायचं, त्याच्या पुढे जायचं नाही.

जशुबेन नावाच्या एक साठीच्या बाई होत्या. त्या पहिल्याच दिवशी आईच्या कानाशी म्हणाल्या, "आ तो धीमो गरबो छे. ढोलवाळो सुई गयो छे." हा तर संथ गरबा, ढोलवाला झोपलाय. आई हसली नाही, पण तिने त्यांच्याकडे वळून पाहिलं. बऱ्याच दिवसांनी ती कोणाकडे तरी आपणहून वळली होती.

हेतलबेन म्हणाल्या, दोन्ही हातांत मोठा चेंडू धरलाय असं समजा. मी आईला ते सांगितलं. आई अहिराणी बोलते, तिचं बोलणं मी तसंच ठेवते.

"चेंडू? मी कधी चेंडू धरा नही," ती म्हणाली आणि बाकावर जाऊन बसली.

निघताना हेतलबेननी एक छापलेलं पान दिलं. घरी रोज वीस मिनिटं करा, सगळं यात लिहिलंय, असं म्हणाल्या. पान इंग्रजीत होतं. त्यांनी विचारलं, "वाचशील ना?" मी हो म्हणाले.

पान

घरी येऊन मी ते पान आईला वाचून दाखवलं. आई भिंतीकडे तोंड करूनच ऐकत होती. हा व्यायाम हळुवार आहे. त्याने थकवा कमी व्हायला मदत होऊ शकते. झोप लागायला मदत होऊ शकते. खांदा मोकळा व्हायला आणि मनाची घालमेल कमी व्हायला मदत होऊ शकते.

आई म्हणाली, "आनि?"

पानावर पुढे दोन वाक्यं होती. हा आजारावरचा उपचार नाही. डॉक्टरांनी सांगितलेले उपचार चालूच ठेवावेत.

मी त्या दोन वाक्यांकडे पाहिलं. मग तिच्या पाठीकडे पाहिलं. गाऊनमधून मणके दिसत होते. मदत होऊ शकते, एवढ्यासाठी ती उठणार नाही हे मला माहीत होतं. "होऊ शकते" या शब्दांवर आमच्या घरात कोणी उठत नाही. ती उठली नाही तर हात वर जाणार नाही, हात वर गेला नाही तर शेक नाही, आणि मग काय, हे मी मोबाईलवर वाचलं होतं.

मी म्हणाले, "आणि लिहिलंय की हे रोज केलं तर गाठ परत येत नाही."

आईने कूस बदलली. "छापेल शे तसं?"

"छापलंय."

तिने हात पुढे केला आणि पान मागून घेतलं. तिला इंग्रजी सोडा, मराठीही जेमतेम सही करण्यापुरती येते. पण तिने ते पान वरपासून खालपर्यंत पाहिलं, चार घड्या केल्या आणि उशीखाली ठेवलं. मला तिने कॉलेजात का घातलं, हे ती शेजारच्या बायांना सांगायची. उद्या कोणी काही वाचायला दिलं तर आपल्याला कोणी फसवू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला उठवलं. म्हणाली, चल, ते हळूवालं करू.

साडीचं टोक

आमच्या खोलीत जागा नाही, म्हणून आम्ही गच्चीवर जायचो. चेंडू काही तिला धरता येईना. मीच चुकतमाकत करायचे, ती माझ्याकडे बघून गोंधळायची. एक दिवस दोरीवर तिची जुनी साडी वाळत होती. तिने ती ओढली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं आपण धरलं.

"हाई मी जानस," ती म्हणाली. हे मला येतं.

आम्ही समोरासमोर उभ्या राहिलो. तिने भार मागच्या पायावर घेतला, साडी ताणली, मग भार हळूच पुढे आणत माझ्याकडे आली. हात छातीपाशी जुळले. मग परत मागे. मार्केटमध्ये हे काम ती झपाझप करायची. इथे ती साडी पाण्यातून काढत असल्यासारखी करत होती. मंगळवारी हेतलबेनना दाखवलं तर त्या खूश झाल्या. त्यांनी कोपर कुठे ठेवायचं आणि श्वास कधी सोडायचा, एवढंच दुरुस्त केलं आणि बाकीच्या बायांनाही ओढणीची टोकं धरायला लावली.

पप्पा आधी चिडले. गच्चीवर लोक बघतात, म्हणाले. मग माझी युनिट टेस्ट आली आणि सकाळी टोक धरायला कोणी नव्हतं. मी जिन्यातून पाहिलं तर पप्पा पाळीवरून येऊन तसेच उभे होते, केसांत कापसाचे तंतू. ते भार वगैरे काही करत नव्हते. साडी उजेडात धरून बघत होते.

"हाई साडीमा तार तुटेल शे," ते म्हणाले.

आई म्हणाली, "तुमी तार नका देखा. पाय देखा."

पप्पांनी पाय पाहिले, मग वर पाहिलं, आणि तिच्या डोक्यावर उगवणाऱ्या केसांच्या बारीक कोंभांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.  त्या दिवशी ताट घेऊन ओट्यावर गेले नाहीत, एवढंच.

दीड-दोन महिन्यांत फरक पडला. मी वाढवून सांगत नाही, आता तर मुळीच सांगणार नाही. थकवा गेला नाही, पण दुपारी ती भाजी निवडायला बसू लागली. झोप सलग तीन-चार तास लागायची. आणि एके सकाळी साडी मागे घेताना तिचा उजवा हात कानाच्या वर गेला. तिला कळलंही नाही. मला कळलं. मी माझं टोक सोडून खाली बसले. तिला वाटलं, मला चक्कर आली.

माझ्या खोट्याने हात वर गेला, असं मला तेव्हा वाटलं. मला त्याची लाज नव्हती. उलट बरं वाटत होतं.

चार दिवस

किमो संपली आणि शेक सुरू झाला. सोमवार ते शुक्रवार, रोज. पहिले काही दिवस मी बरोबर गेले. तळघरात लांब बोळ, शेवटी जाड दार. मग माझ्या परीक्षा आल्या. आई म्हणाली, रस्ता पाठ झालाय, मी जासू. मी तिला रोज शेअर रिक्षात बसवून द्यायचे आणि कॉलेजला जायचे. संध्याकाळी विचारायचे, झालं का. ती म्हणायची, झालं.

शुक्रवारी पेपर देऊन बाहेर आले तर फोन आला. तळघरातल्या विभागातून होता. फाईलवर माझाच नंबर आहे. पलीकडच्या भाऊंनी गुजरातीत विचारलं की सुनंदाबेन, म्हणजे आई, गावाला गेल्या आहेत का, मंगळवारपासून आलेल्या नाहीत.

मी म्हणाले, सकाळीच तर पाठवलंय. ते म्हणाले, आज चौथा दिवस.

रिक्षात मला काय काय वाटलं ते लिहिता येणार नाही. ती कुठे पडली असेल, असं वाटलं. गावाला निघून गेली असेल, असंही वाटलं.

ती मागच्या चौकात होती. बदामाच्या झाडाखाली, जशुबेनसमोर. दोघींनी ओढणीची दोन टोकं धरली होती. वर्ग आटोपला होता, हेतलबेन गेल्या होत्या, दोघीच होत्या. आईचे डोळे अर्धे मिटलेले होते. उजवा हात वर जात होता, खाली येत होता, कुठेही अडत नव्हता. मी तिला इतकी सुंदर कधी पाहिली नव्हती. मी खांबाजवळ उभी राहिले.  मशीन खाली तळघरात होतं, आणि ती इथे.

मी जवळ गेल्यावर तिने हात थांबवले. रडली नाही, लाजली नाही. जशुबेनना वाटत होतं की तिचा नंबर लवकर लागतो आणि शेक आटोपूनच ती चौकात येते. त्या आमच्या दोघींकडे बघत राहिल्या.

मी विचारलं, "मम्मी, खाली का नाही गेलीस?"

आई पारावर बसली. म्हणाली, तिथे तिला टेबलावर झोपवतात, हलू नको म्हणतात आणि सगळे बाहेर जातात. "समदा बाहेर पयतस आनि माले एकलीलेच मझार ठेवतस. चांगली गोट ऱ्हाती तं पयता का त्या?" चांगलं असतं तर मला एकटीला आत ठेवून ते पळाले असते का.

मी समजावलं की ती मशीनची किरणं असतात, रोज काम करणाऱ्यांना ती लागू नयेत म्हणून ते बाहेर जातात. ती म्हणाली की अंगाला आग होते, कातडी काळी पडलीय, आणि हे सगळं कशाला, जेव्हा दुसरं औषध आहे. मग तिने ब्लाऊजमधून कापडी पाकीट काढलं आणि त्यातून ते पान काढलं. घड्यांवर ते विरायला आलं होतं. तिने ते माझ्या मांडीवर उलगडलं.

"तूच सांगेल व्हतं ना. वाच."

मी वाचलं. थकवा, झोप, खांदा, मन. मी थांबले.

"आनि?"

 या वेळी मी वाचलं. "हा आजारावरचा उपचार नाही. डॉक्टरांनी सांगितलेले उपचार चालूच ठेवावेत."

चौकात कोणीतरी स्ट्रेचर ओढत नेत होतं. तो आवाज गेल्यावर आईने विचारलं:

"हाई आधी बी लिखेल व्हतं?"

"होतं."

"कोठे शे? बोट ठेव."

मी बोट ठेवलं. तिने त्या ओळीवर डोळे बारीक केले. ती अक्षरं तिला वाचता येत नव्हती, तरी ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती. मग विचारलं, "आनि गाठ परत येत नही, ते?"

"ते नाहीये, मम्मी. ते मी म्हणाले."

तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने पानाच्या चार घड्या केल्या, पाकिटात ठेवलं, पारावर ठेवलेली फाईल उचलली आणि उठली. मी उठू लागले तर मला तिथेच थांबवून म्हणाली, "तू आठेच बस." आणि एकटी तळघराच्या जिन्याकडे गेली.

जशुबेन माझ्याजवळ बसल्या. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. त्या आमच्यासाठी हिंदी बोलायचा प्रयत्न करायच्या. म्हणाल्या, "मेरा दीकरा भी ऐसा ही है. बोलता है, बा, रिपोर्ट एकदम नॉर्मल. नॉर्मल है तो मेरे को रोज इधर काहे को लाता है? मंदिर लेके जा ना." मग ओढणीने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "हमको सब मालूम पडता है, बेटा. बस, थोडा मोडा." थोडं उशिरा, एवढंच.

नंतर

डॉक्टर रागावले नाहीत. शुक्रवारचा नंबर तोवर निघून गेला होता, म्हणून चारही दिवस शेवटी वाढवून देऊ म्हणाले. मी विचारलं, मध्ये खंड पडल्याने काही बिघडलं असेल का. त्यांनी पेन खाली ठेवलं. खंड पडायला नको होता, म्हणाले, पण या चार दिवसांचं नेमकं काय होईल ते मला सांगता येणार नाही. कोणालाच येणार नाही. ते वाक्य माझ्याजवळ आहे. ते मी गाळू शकत नाही आणि त्यात काही घालूही शकत नाही.

हेतलबेनना मी जाऊन सगळं सांगितलं. मला वाटलं, आता त्या आईला वर्गात घेणार नाहीत. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या मंगळवारी सगळ्या बायांना उभं करून गुजरातीत आणि हिंदीत सांगितलं की याने आजार जात नाही, आजारासोबतचे दिवस थोडे सुसह्य होतात, म्हणून औषध, शेक, गोळ्या काही सोडायचं नाही. आता त्या दर महिन्याला हे सांगतात. पानाचं गुजराती आणि मराठी करायचं काम त्यांनी मलाच दिलं. मराठीतलं पान मी आईला वाचून दाखवलं नाही. शेजारच्या सातवीतल्या मुलीला वाचायला बसवलं आणि मी बाहेर उभी राहिले.

मला वाटलं होतं, आई आता गच्चीवर येणार नाही. पण चौकातल्या त्या शुक्रवारनंतर दुसऱ्याच सकाळी ती साडी घेऊन उभी होती. मी विचारलं, आता कशाला करतेस.

"झोप लागस ना," ती म्हणाली. "तितलं पुरे."

शेक संपेपर्यंत ती एकदाही चुकली नाही. जाड दार बंद होऊन सगळे बाहेर गेले की ती मनात साडीची घडी घालायला घ्यायची. अंग हलवायचं नाही, फक्त श्वास. टोक धरलं, ताणली, पुढे आली, जुळवली. अकरा साड्या झाल्या की दार उघडतं, असं तिने जशुबेनना सांगितलं. मला नाही. मला ते जशुबेनकडून कळलं.

तेव्हापासून फाईल ती स्वतः धरते. मी बरोबर जाते, पण खुर्चीत ती बसते आणि तिच्या मोडक्यातोडक्या गुजरातीत म्हणते, "साहेब, मने कहो." मला सांगा. डॉक्टर हळू बोलतात. एखादा शब्द अडला तर ती डॉक्टरांनाच परत विचारते, माझ्याकडे वळत नाही.

पहिल्या तपासणीचे रिपोर्ट आले त्या दिवशी तर ती दारातच म्हणाली, "तू बाहेर बस."

मी बाकावर बसले. तो जिन्याजवळचाच बाक होता, पहिल्या दिवशी ती जिथे वारा घेत बसली होती. शेजारी फाईल घेऊन एक मुलगी बसली होती, मोबाईलमध्ये एकेक शब्द टाकत. मला तिला काहीतरी सांगायचं होतं. सुचलं नाही. जे सुचलं नाही ते हे सगळं लिहिलं आहे.

आई बाहेर आली तेव्हा पदर नीट घेतलेला होता, फाईल उजव्या हातात, काखेशी धरलेली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. आम्ही फाटकापर्यंत चालत गेलो. रिक्षात बसल्यावर तिने मला सांगितलं. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे. गोळी पाच वर्षं रोज घ्यायची. तीन महिन्यांनी परत या. ते हळूवालं चालू ठेवा.

 मी विचारलं, "आणि?"

आईने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, लाल दोरा बांधलेला उजवा हात.

"इतलंच," ती म्हणाली.

फाईल तिच्या मांडीवर होती. रिपोर्ट त्यात होते, इंग्रजीत, आणि आता मला ते सगळे शब्द येतात. मी फाईल उघडली नाही.